त्रेचाळीस मिनिटांचा टँकर

रविवारी सकाळी विश्वजित धर्माधिकारीनं आईला सोफ्यावर बसवलं, पंखा लावला, भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी तिच्या हातात दिली आणि बजावलं, "आई, फक्त त्रेचाळीस मिनिटं. मधे उठायचं नाही, बोलायचं नाही." यमुनाबाईंनी मान डोलावली. सहाव्या मिनिटाला शेंगदाणे संपले. सातव्या मिनिटाला त्यांचा डोळा लागला, आणि आठव्या मिनिटाला गिटारच्या जोडीला घोरण्याचाही सूर लागला.

विश्वजित रागावला नाही. त्यात नवीन ते काय होतं? त्याच्या वडिलांनी, सदाशिवरावांनी, दुसऱ्याच मिनिटाला विचारलं होतं, "गाणं केव्हा सुरू होणार?" अल्बममधला त्याचा जोडीदार राजकुमार, त्याची बायको करुणा तिसऱ्या तुकड्यापर्यंत टिकली, पण तिथं दूध उतू गेलं. आजवरचा विक्रम एकोणीस मिनिटांचा, आणि तोही एका विमा एजंटाचा. विसाव्या मिनिटाला त्यानं पिशवीतून फॉर्म काढला.

अल्बम होता तीन गिटारींचा. गाणारा नाही, तबला नाही, ढोलकी नाही. राजकुमार हिवराळे पंधराव्या वर्षापासून भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत आलेला. दिवसा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि जीव सगळा रॉकमध्ये. डॉक्टर मनस्विनीचा औरंगपुऱ्यात दातांचा दवाखाना होता. ती आधुनिक पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकलेली, आणि तिच्या मते संगीतात सुरांपेक्षा शांततेला महत्त्व. विश्वजित वाळूजच्या एका कंपनीत नटबोल्ट तपासणारा इंजिनिअर. त्याला जॅझचं वेड. या तिघांनी राजकुमारच्या गच्चीवरच्या खोलीत, गाद्या उभ्या करून, तीन वर्षं खपून हे पाच तुकडे ध्वनिमुद्रित केले होते. नाव ठेवलं 'चौथी खुर्ची'. तिघं वाजवणारे, चौथा ऐकणारा. मुखपृष्ठावर तीन खुर्च्यांत हे तिघं आणि चौथी रिकामी. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसंच. पण विश्वजितचं मागणं तरी किती होतं? एका माणसानं, कुठल्याही एका माणसानं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं. बस्स. एवढ्यासाठी तो रात्रंदिवस झुरत होता.

आता अल्बम बाहेर काढण्याआधी या लोकांत एक रिवाज असतो. चांगल्या स्पीकरवर काय, काहीही गोड लागतं. म्हणून ते मुद्दाम वाईट स्पीकरवर वाजवून बघतात. त्यातून जे तरलं, ते खरं. विश्वजितनं मोबाइलवर बघितलं, कारमध्ये बघितलं, शेजाऱ्यांच्या फुटक्या टीव्हीवरही बघून झालं. राहिला होता शहरातला सर्वांत भिकार स्पीकर. तो कडुबाच्या टँकरवर होता.

कडुबा करमाडचा. टँकर त्याचा स्वतःचा. केबिनच्या टपावर कुठल्याशा पक्षानं निवडणुकीत भोंगा बसवला होता आणि उमेदवार पडल्यावर तो काढून न्यायला कुणी आलं नाही. ते साल दोन हजार एकोणीस. बीड बायपासच्या पलीकडं दहा वर्षांत इमारतींचं पीक तरारून आलं होतं. नळ मात्र तिथवर पोचले नव्हते. धर्माधिकारी राहायचे त्या सोसायटीचं नाव मंदाकिनी पार्क, आणि तिच्या बोअरमधून सहाशे फुटांवरून निव्वळ फुफाटा वर यायचा. सगळी मदार कडुबाच्या टँकरवर. त्या आठवड्यात तर त्याची विहीरच तळाला गेली आणि तो नऊ दिवस आला नव्हता.

दहाव्या दिवशी येणार असं कळल्यावर विश्वजित सकाळीच करमाडला जाऊन टँकरवर चढला.

"कडुबाभाऊ, एवढा पेनड्राइव्ह भोंग्यावर लावाल का? मी शेजारी बसून ऐकतो."

"लावू की. कुणाचं भाषण हाय?"

"भाषण नाही हो, संगीत आहे. तीन गिटार."

"आन् गाणारं कोण?"

"गाणारं कुणी नाही."

"नाय? बरं बरं." कडुबानं सहानुभूतीनं मान हलवली. "दुष्काळात समदंच थोडं थोडं कमी झालंय म्हना."

बायपासचं वळण घेताना कडुबानं बटण दाबलं. पहिला तुकडा राजकुमारचा, तो भोंग्यातून असा काही फुटला की रस्त्यावरची दोन कुत्री उठून शेताकडं पळाली. विश्वजित मांडीवरच्या वहीत खाली मान घालून लिहीत होता, 'खालचा सूर ठीक. वरची तार किंचित कर्कश.' त्यामुळं बाहेर काय चाललंय ते त्यानं बघितलंच नाही. बाहेर माणसं जिन्यांवरून हंडे, कॅन, बादल्या घेऊन धावत सुटली होती. नऊ दिवसांनी पाणी आलं होतं, आणि ते वाजत आलं होतं. बायपासच्या वळणापासून टँकर रिकामा होईपर्यंत लागली बरोबर त्रेचाळीस मिनिटं. शेवटची तार विरली आणि नळीतून शेवटचा घोट पडला. योगायोग, दुसरं काय! पण ते रांगेतल्या माणसाला कोण सांगणार?

"विश्वा, लिहीत काय बसलायस? हंडे उचल आधी!" यमुनाबाई गॅलरीतून ओरडल्या. विश्वजितनं उडी मारली, हंडे उचलले, आणि पेनड्राइव्ह टँकरमध्येच राहिला.

चार दिवसांनी तो संध्याकाळी कंपनीतून घरी आला, तर सदाशिवराव चहा घेत बसलेले. तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. आता सोसायटीच्या पाणी समितीचे चिटणीस. सगळं कसं शिस्तीत.

"आज तुझा अल्बम पूर्ण ऐकला," ते म्हणाले.

विश्वजितच्या हातून बॅग खाली पडली. "पूर्ण?"

"पूर्ण. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळी सोसायटी होती. दीडेकशे माणसं असतील."

"मग?" विश्वजितचा आवाज चिरकला. "कसा वाटला?"

"आठ हंडे मिळाले," सदाशिवराव समाधानानं म्हणाले.

मग उलगडा झाला. कडुबानं पेनड्राइव्ह आपल्या मनानं पुन्हा लावला होता. हॉर्न मारत बसायला नको, सुरू केलं की लोक आपसूक रांगेत. विश्वजितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं घासलेलं संगीत काय पाण्याची घंटा आहे? तो तडक करमाडला गेला, पेनड्राइव्ह उपटला आणि खिशात घालून घरी आला. इथं त्यानं विकतचं दुखणं घेतलं.

कारण पुढच्या खेपेला कडुबा आला तो नुसता हॉर्न वाजवत. हॉर्न काय, स्कूलबसही वाजवते, भाजीवालाही वाजवतो. मंदाकिनी पार्कात कुणी मानही वर केली नाही. सगळे कान गिटारीकडं लावून बसलेले. कडुबा वीस मिनिटं थांबला, हाका मारल्या, आणि ऊन फार म्हणून टँकर पुढच्या सोसायटीत नेऊन रिकामा केला.

त्याच दिवशी समितीची तातडीची बैठक बसली. साळूबाई, तिसऱ्या मजल्यावरच्या, पदर खोचूनच आल्या.

"कुनी काढली ती वाजंत्री?" त्यांनी विचारलं. "माझ्या घरात दोन दिवस झाले भांडी पडलीत."

"मावशी, ती वाजंत्री नाही," विश्वजित म्हणाला. "ती एक अखंड रचना आहे. ती बसून, शांतपणे, एकाग्र होऊन ऐकायची असते."

"मंग आम्ही काय नाचत ऐकतो व्हय? हंडा डोक्यावर घेऊन नाचता येतंय का?"

सदाशिवरावांनी चष्मा लावून इतिवृत्त लिहिलं आणि उभं राहून वाचलं: "ठराव क्रमांक सात. 'चौथी खुर्ची' हा अल्बम टँकरवर आरंभापासून अंतापर्यंत, कोणतीही काटछाट न करता वाजवण्यात यावा. सूचक साळूबाई. एकमतानं मंजूर." खाली सही करताना ते मुलाकडं बघून म्हणाले, "विश्वा, हे वैयक्तिक घेऊ नकोस."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. विश्वजितनं गुमान पेनड्राइव्ह परत दिला. पण एवढ्यावर भागतं तर मग काय हवं होतं! आठच दिवसांत सदाशिवरावांनी त्याला एक लखोटा दिला. एकाच घरात, एकाच टेबलावर, वरणाचं भांडं बाजूला सारून.

"पोच दे," ते म्हणाले.

आत समितीची लेखी सूचना होती. 'तिसऱ्या तुकड्यात सुमारे चाळीस सेकंद काहीही वाजत नाही. त्यामुळे टँकर निघून गेल्याचा समज होऊन धावपळ झाली व दोन महिला जिन्यात पडल्या. सबब सदरची शांतता तात्काळ काढून टाकण्यात यावी.'

ती शांतता मनस्विनीची होती. सगळा अल्बम त्या चाळीस सेकंदांवर उभा होता, असं तिचं म्हणणं. विश्वजितनं सूचना तिला फोनवर वाचून दाखवली.

"गाढवापुढं वाचली गीता," ती म्हणाली. "विश्वजित, त्या शांततेसाठी मी दोन वर्षं घालवली आहेत. पस्तीस सेकंद ठेवून बघितले, पन्नास ठेवून बघितले. चाळीसच."

"दोन बायका पडल्या, मनस्विनी."

"मग त्यांना पाठव माझ्याकडं. दात तुटला असेल तर बघते. पण शांततेला हात लावायचा नाही."

राजकुमार नेहमीप्रमाणं मधला. "अरे यार, टेन्शन कायको घेता? कडुबाभाऊला सांगू काही तरी."

कडुबाला काही सांगावं लागलंच नाही. त्यानं स्वतःच तोडगा काढला. तिसऱ्या तुकड्यात गिटारी थांबल्या की तो भोंग्याचा माइक तोंडाशी धरायचा आणि ओरडायचा, "हाय हाय, हितंच हाय! म्या गेलो नाय!" लोक निर्धास्त व्हायचे आणि संगीत पुढं चालायचं. मनस्विनीनं हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी तिनं दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवला.

पुढं तर कहरच झाला. करमाडच्या विहिरीवर भरायला येणारे टँकर काय एकटा कडुबाचा होता? बारा-पंधरा होते. कडुबाचे लोक आपोआप बाहेर येतात म्हटल्यावर सगळ्यांनी टपावर भोंगे चढवले, पेनड्राइव्हची नक्कल करून घेतली आणि कडुबाचं 'हाय हाय'ही उचललं. महिन्याभरात अर्धं शहर 'चौथी खुर्ची'वर पाणी भरायला लागलं. लोकांना तुकडे पाठ झाले. पहिला वाजला की हंडे काढायचे. दुसरा म्हणजे टँकर लागला. चौथा सुरू झाला आणि तुम्ही अजून घरात असाल, तर तुमचं काही खरं नाही. पाचव्यात नळीची धार बारीक होते. त्या चौथ्या तुकड्याचा ताल साडेसात मात्रांचा, राजकुमार स्वतः त्यात दोनदा चुकायचा. आणि इकडं साळूबाई त्या तालावर हंड्यावर बोटं वाजवत रांगेत उभ्या राहायच्या. एकदा मनस्विनीच्या खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. खिडकीतून पहिला तुकडा ऐकू आला मात्र, तोंडातल्या कापसासकट ते उठले आणि जिना उतरून पसार झाले.

"ऐकतात तरी," राजकुमार म्हणाला.

"कुणी ऐकत नाही," विश्वजित उसळून म्हणाला. "पाण्याचा आवाज ऐकतात ते. त्यांच्या लेखी मी नळाची तोटी आहे. मला ऐकणारा पाहिजे रे, राजा. एक. फक्त एक."

असा माणूस मिळण्याची आशा उगवली ती मे महिन्यात. पुण्यात नव्या संगीताचा महोत्सव भरवणारा केयूर नावाचा एक जण प्रत्यक्ष कार्यक्रम बघायला यायला तयार झाला. "अल्बम मी मुद्दाम ऐकलेला नाही," तो फोनवर म्हणाला. "मला समोर बसून, सलग, पूर्ण ऐकायचंय." पूर्ण! विश्वजितनं फोन ठेवून आईला मिठीच मारली. औरंगपुऱ्यातल्या एका वाचनालयाचं तीनशे खुर्च्यांचं सभागृह ठरलं. रविवार, संध्याकाळी पाच, प्रवेश सर्वांना खुला. शनिवारपर्यंत नक्की येणार म्हणणारे अकरा. त्यातले चार घरचे, आणि यमुनाबाई झोपणार हे धरून चालायचं.

"तीनशे खुर्च्यांत अकरा माणसं," मनस्विनी म्हणाली. "पुण्याचा माणूस पहिल्या दहा मिनिटांत उठून जाईल."

"रिक्षा फिरवू," राजकुमारनं उपाय काढला. "माझ्या ओळखीचा सांडू आहे. त्याच्या रिक्षावर भोंगा आहे, सर्कशीची जाहिरात करतो. रविवारी दुपारी पूर्ण औरंगपुरा, गुलमंडी फिरवू. आपला अल्बम लावायचा आणि मधे मधे सांगायचं, की चला, या."

आता तुम्हीच सांगा, या तीन शिकल्यासवरल्या माणसांच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडू नये? पडला नाही. आपलं संगीत ऐकून लोक घराबाहेर येतील, यात कलावंताला कधीच काही वावगं वाटत नाही.

रविवारी दुपारी तिघं सभागृहात गिटारी जुळवत बसले होते. पावणेपाचला बाहेर गलका झाला. विश्वजितनं दारातून डोकावलं. पुढं सांडूची रिक्षा, भोंग्यावर पहिला तुकडा, "चला, चला, सगळे या" अशी सांडूची आरोळी, आणि मागं औरंगपुऱ्यातल्या गल्ल्यागल्ल्यांतून निघालेली ही एवढी माणसं. हंडे, कळश्या, कॅन, पिंपं. एकानं तर सायकलवर आंघोळीचा टब आणला होता.

"सांडू, हे काय आणलंस?" राजकुमार ओरडला.

"मेरेकू क्या मालूम भैया?" सांडू घाम पुसत म्हणाला. "मी नुसता वाजवत चाललो. पब्लिक आपोआप मागं लागली. थांबलो तर मारतील म्हणून थांबलो बी नाय."

दारात सदाशिवराव उभे होते. पाहुण्यांचं स्वागत करायला म्हणून उभे केलेले. पण समोर हंडे दिसले आणि त्यांच्यातला चिटणीस जागा झाला. "ढकलाढकली नको! रांग करा! एका कुटुंबाला एक क्रमांक! क्रमांक खुर्चीवर लिहिलाय, आपापल्या क्रमांकावर बसून घ्या!" असं म्हणत त्यांनी दहा मिनिटांत तीनशे माणसं हंड्यांसकट तीनशे खुर्च्यांवर बसवली. आतून गिटारी जुळवल्याचा आवाज येत होताच. त्यामुळं पाणी आत आहे याबद्दल कुणालाच शंका उरली नाही.

"बाबा, हे काय करताय?" विश्वजितनं त्यांना बाजूला ओढलं. "यांना पाणी पाहिजे!"

"दिसतंय मला," सदाशिवराव कुजबुजले. "बाहेर सांगितलं असतं की पाणी नाही, तर काचा राहिल्या असत्या का? तू वाजव. मी कडुबाला फोन लावतो."

पहिल्या रांगेत मधोमध केयूर बसला होता. एका बाजूला यमुनाबाई, दुसऱ्या बाजूला त्यांच्याबरोबर आलेल्या साळूबाई आणि मांडीवर कुणीतरी ठेवलेली कळशी. त्याचे डोळे चमकत होते. "धर्माधिकारी," तो विश्वजितला हळूच म्हणाला, "प्रायोगिक संगीताला एवढी गर्दी मी उभ्या महाराष्ट्रात बघितली नाही. पण ही भांडी कशाची प्रतीकं आहेत?"

"ऐकल्यावर कळेल," विश्वजित कसाबसा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पडदा वर गेला. राजकुमारनं पहिला झटका दिला आणि तीनशे माणसं एकदम उठून उभी राहिली. केयूरही उठला. दुसऱ्या तुकड्यात सगळे एकेक पाऊल पुढं सरकले, आणि पुढं जागा नव्हती म्हणून पहिली रांग मंचाला येऊन टेकली. विश्वजित वाजवता वाजवता बघत होता. माणसं नुसती उभी नव्हती. जिथं ताल बदलायचा तिथं त्यांच्या माना बदलत होत्या. जिथं त्याची गिटार वर चढायची तिथं माणसं कळशी या हातातून त्या हातात घ्यायची. मजा म्हणजे, त्यानं आयुष्यात इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं.

तिसरा तुकडा आला. गिटारी थांबल्या. मनस्विनीची शांतता सुरू झाली आणि सभागृहात टाचणी पडली तर ऐकू यावी असं झालं. तीनशे माणसांनी श्वास रोखून धरला होता. दहा सेकंद, वीस सेकंद, तीस. मनस्विनीचे डोळे भरून आले. अशी शांतता कुठल्या वादकाला मिळते? पण पस्तिसाव्या सेकंदाला साळूबाईंचा धीर सुटला.

"अवो, हाय का गेला?" त्या रडवेल्या आवाजात ओरडल्या.

राजकुमार मुळात मायाळू. त्याला राहवलं नाही. तो माइकवर वाकला आणि म्हणाला, "हाय हाय, हितंच हाय!" सगळ्या सभागृहानं सुस्कारा सोडला. मनस्विनीनं राजकुमारकडं अशी नजर टाकली, की भूल न देता दाढ काढायची झाली तर याच्यापासून सुरुवात करीन.

"अफाट!" केयूर पुटपुटला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

चौथा तुकडा रंगात आला होता. साडेसात मात्रा अगदी कापून चालल्या होत्या, राजकुमार एकदाही चुकला नव्हता, आणि तेवढ्यात बाहेर रस्त्यावर भोंगा वाजला. पहिला तुकडा. सदाशिवरावांच्या शब्दाखातर कडुबा पोचला होता. आत चौथा, बाहेर पहिला. तीनशे माणसांनी क्षणभर दोन्ही ऐकले, तुलना केली, आणि मग दार एवढंसं असूनही दीड मिनिटात सभागृह रिकामं झालं. केयूर त्या लोंढ्यात कुठं गेला ते दिसलंही नाही.

मंचावर तिघं उरले. मनस्विनीनं शांतपणे गिटार पेटीत ठेवली आणि पडद्यामागून वीस लिटरचा कॅन काढला.

"मनस्विनी, तू पण?" विश्वजित म्हणाला.

"दवाखान्यात अकरा दिवस पाणी नाही. लोक चूळ न भरता घरी जातायत," ती म्हणाली. "राजकुमार, दुसरी बाजू धर." राजकुमारनं मुकाट्यानं दुसरी बाजू धरली.

विश्वजित एकटाच खुर्चीत बसून राहिला. समोर तीनशे रिकाम्या खुर्च्या. त्याला रडायलाच आलं. एक माणूस मागितला होता. आला, आणि पाचव्या तुकड्याआधी तोही गेला. पुण्याचं गेलं, अल्बमचं गेलं, तीन वर्षं मातीत गेली.

"विश्वा!" दारातून यमुनाबाईंची हाक आली. "अरे बसलायस काय मठ्ठासारखा? हंडा धर आणि रांगेला लाग. आपला नंबर जाईल!"

सवयीनं माणूस उठतोच. तो हंडा घेऊन रांगेच्या शेपटीला जाऊन उभा राहिला. रांग पार पुढच्या चौकापर्यंत. मधेच कुठंतरी केयूर उभा होता, हातात स्टीलची पाण्याची बाटली घेऊन. त्यानं लांबूनच हात हलवला. "धर्माधिकारी, डिसेंबरात पुण्याला हेच! टँकरसकट!" तो ओरडला, आणि पुढच्या माणसानं डोळे वटारल्यावर गप्प झाला.

रांग सरकत होती. दुसरा तुकडा संपला, तिसऱ्यात कडुबानं "म्या गेलो नाय" म्हणून धीर दिला, चौथा संपला आणि पाचवा सुरू झाला. हा तुकडा आजवर कुणी ऐकलाच नव्हता, अशी विश्वजितची पक्की समजूत. यात एकेक गिटार गळत जाते. आधी राजकुमारची थांबते, मग मनस्विनीची, आणि शेवटी विश्वजितची एकटीच तार उरते, तीही बारीक बारीक होत जाते. भोंग्यातून राजकुमारची गिटार थांबली, तशी रांग चिडीचूप झाली. कुणी हंडा जमिनीवर ठेवला तो आवाज न करता. एका रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. एका म्हाताऱ्यानं कानाला हात लावून मान तिरकी केली. मनस्विनीची गिटार थांबली. आता नुसती ती एक तार, आणि अख्खा रस्ता तिच्यावर जीव टांगून उभा.

कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता विश्वजितला राहवेना. त्याच्या पुढं एक अनोळखी बाई घागर कमरेवर घेऊन, डोळे मिटून उभी होती.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "हे... हे मी वाजवलंय. ही शेवटची तार माझी आहे."

बाईनं वळूनही बघितलं नाही.

"अवो, कुनाची का असंना! जरा गप ऱ्हावा की. ऐकू द्या शेवटपर्यंत!"